पाच नावं, एक फलक: ब्रिटिश सुपर-मिडलवेटचा क्रम लावताना

पार्श्वभूमी

उत्तर इंग्लंडमधल्या एका गावच्या हौशी बॉक्सिंग क्लबने नवा हॉल बांधला. एका जुन्या सभासदाने मोठी देणगी दिली आणि सोबत अट घातली. आत शिरताच समोर दिसेल असा फलक हवा, त्यावर ब्रिटनचे सर्वश्रेष्ठ पाच सुपर-मिडलवेट, आणि तेही क्रमाने. नुसती आद्याक्षरांप्रमाणे मांडलेली यादी त्याला चालणार नव्हती. क्लबचं आणि संबंधितांचं नाव इथे दिलेलं नाही. बॉक्सरांची नावं आणि निकाल मात्र जगजाहीर आहेत.

सुपर-मिडलवेट म्हणजे १६८ पौंड, ७६.२ किलो, ब्रिटिश हिशेबात बरोबर १२ स्टोन. खाली १६० पौंडांचा मिडलवेट, वर १७५ पौंडांचा लाइट-हेवीवेट. हा गट तसा तरुण आहे. जागतिक किताब देणाऱ्या चार संस्थांपैकी आयबीएफने १९८४ मध्ये पहिला किताब सुरू केला, डब्ल्यूबीए १९८७ मध्ये आली, डब्ल्यूबीसी आणि डब्ल्यूबीओ १९८८ मध्ये. त्यामुळे महत्त्वाच्या लढतींची चित्रफीत मिळते आणि त्या प्रत्यक्ष पाहिलेली माणसं अजून हयात आहेत. हेवीवेटची अशी यादी करायला बसलं तर निम्मी लढाई ऐकीव गोष्टींवर होते. इथे तशी सबब नव्हती.

समितीत पाच जण होते: क्लबचे दोन प्रशिक्षक, याच वजनात खेळलेला एक माजी व्यावसायिक, हौशी स्पर्धांचा एक पंच, आणि पन्नास वर्षं निकालांची कात्रणं जपणारा एक सभासद.

अडचण

पहिल्या बैठकीत चर्चा न करता प्रत्येकाने पाच नावं चिठ्ठीवर लिहिली. तिघांनी जो कॅल्झागीला पहिला ठेवलं, एकाने कार्ल फ्रॉचला, एकाने क्रिस युबँकला. नायजेल बेन सगळ्यांच्या यादीत होता, पण दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत कुठेही. पाचव्या जागेसाठी जेम्स डिगेल, जॉर्ज ग्रोव्ह्ज, कॅलम स्मिथ आणि रॉबिन रीड अशी चार नावं आली.

चिठ्ठ्या वाचल्यावर लक्षात आलं की पाच जणांनी पाच वेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली होती. कुणी किताब किती वेळा राखला ते मोजत होतं, कुणी प्रतिस्पर्धी पाहत होतं, आणि युबँकवाल्याच्या मनात १९९० च्या दशकातल्या शनिवार रात्री होत्या, जेव्हा सगळा देश दूरचित्रवाणीसमोर बसायचा. वाद बॉक्सरांवर सुरू झाला होता, पण अडला होता मोजपट्टीवर. म्हणून नावं बाजूला ठेवून आधी हद्द ठरवायचं ठरलं.

हद्दीचे दोन प्रश्न होते. पहिला, ब्रिटिश कोण? स्टीव्ह कॉलिन्सने याच वजनात १९९५ मध्ये युबँकला दोनदा आणि १९९६ मध्ये बेनला दोनदा हरवलं. तो यादीत आला असता तर वरच बसला असता. पण तो डब्लिनचा आहे, आयरिश आहे. ब्रिटिश रिंगांमध्ये खेळला म्हणून त्याला ब्रिटिश म्हणणं ही जुनी चूक, आणि डब्लिनमध्ये ती कुणी खपवून घेणार नाही. तो बाहेर गेला, मात्र त्याच्याकडून झालेले पराभव युबँक आणि बेन यांच्या खात्यावर राहिले. उलट टोकाला मरे सदरलँड. तो एडिनबरामध्ये जन्मला, कारकीर्द अमेरिकेत झाली, आणि १९८४ मध्ये आयबीएफचा, म्हणजे या गटाचाच, पहिला जगज्जेता ठरला. त्याच वर्षी चाँग-पाल पार्कने त्याचा किताब नेला. जन्माने तो पात्र होता, पण पाचांत येण्याइतका ऐवज नव्हता. फलकाच्या तळाशी एक ओळ त्याला द्यायची, हे एकमताने ठरलं.

दुसरा प्रश्न अधिक बोचरा होता. फक्त १६८ पौंडांच्याच लढती धरायच्या का? तसं केलं तर कॅल्झागीचे २००८ मधले बर्नार्ड हॉपकिन्स आणि रॉय जोन्स यांच्यावरचे विजय जातात, कारण ते लाइट-हेवीवेटचे. १९९० मध्ये बर्मिंगहॅमला युबँकने बेनला नवव्या फेरीत थांबवलं ती लढत जाते, कारण ती मिडलवेटची. डिगेलचं बीजिंग ऑलिंपिकचं सुवर्णही जातं. फलकावर "सुपर-मिडलवेट" लिहायचं आणि गुण बाहेरून आणायचे हे बरोबर नाही, असं पंच ठामपणे म्हणाला आणि तेच मान्य झालं. पुढचे बरेच वाद या एका निर्णयाने मिटले.

कोणते पर्याय होते

सर्वांत सोपा पर्याय म्हणजे किताब आणि बचाव मोजणं. कॅल्झागीने डब्ल्यूबीओ किताब ऑक्टोबर १९९७ मध्ये जिंकला आणि २१ वेळा राखला. युबँकचे बचाव १४. या मोजणीत फ्रॉच युबँकच्याही खाली जातो, आणि इथेच पद्धतीची खोट कळते. चार संस्थांचे चार जगज्जेते असताना बचाव समोर कोणाला उभं करून झाला हे आकडा सांगत नाही. शिवाय १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डब्ल्यूबीओचा पट्टा, म्हणजे जगज्जेतेपदाचा बेल्ट, इतर तिघांच्या तोडीचा मानला जात नव्हता.

दुसरा पर्याय काल्पनिक सामन्यांचा: ऐन भरातला फ्रॉच विरुद्ध ऐन भरातला कॅल्झागी. गप्पांना हे छान, निर्णयाला निरुपयोगी. डावखुऱ्या कॅल्झागीच्या हातांचा वेग सांगणाऱ्याला तो जिंकताना दिसतो. फ्रॉचची ठोसे सोसणारी हनुवटी आणि शेवटच्या फेऱ्यांतला दम आठवणाऱ्याला फ्रॉच. एका संध्याकाळीच हा पर्याय सोडून दिला.

कर्तृत्वाचा एक आणि प्रतिस्पर्ध्यांचा एक असे दोन फलक लावायची सूचनाही आली. ती सर्वांत प्रामाणिक होती. देणगीदाराने मान्य केली नाही.

उरला लढतींचा ताळेबंद: प्रत्येकाचे १६८ पौंडांतले सर्वोत्तम आठ विजय घ्यायचे, प्रत्येकाला गुण द्यायचे, पराभव वजा करायचे. हाच निवडला.

प्रत्यक्ष काय केलं

प्रतिस्पर्ध्याचा दर्जा लढतीच्या दिवशीचा धरायचा. त्या दिवशी गटातल्या पहिल्या दोघांत असेल तर ५, पहिल्या पाचांत ४, पहिल्या दहांत ३, देशपातळीवरचा विजेता २, बाकी १. निर्णय वादग्रस्त असेल तर गुण निम्मे. बरोबरी सुटली तर दोघांनाही निम्मे. लढत ब्रिटनबाहेर झाली तर १ जादा. दर्जा ५ असलेल्याकडून हरल्यास काही वजा नाही, ४ कडून हरल्यास १ वजा, त्याखालच्याकडून हरल्यास ३ वजा.

पहिल्याच फेरीत एक घोळ झाला. दोघांनी प्रतिस्पर्ध्याच्या दर्जाचे गुण दिले आणि तो पट्टाधारी होता म्हणून वर आणखी दिले. पट्टा होता म्हणूनच तर दर्जा ४ किंवा ५ लागला होता, म्हणजे एकाच गोष्टीचे दोनदा पैसे. दोन्ही पानं पुन्हा करून घेतली.

वादग्रस्त ठरवायच्या लढती आवाज बंद करून पाहिल्या: १९९३ ची बेन-युबँक, १९९९ ची कॅल्झागी-रीड, २००९ ची फ्रॉच-डिरेल, २०११ ची ग्रोव्ह्ज-डिगेल. आवाज बंद ठेवायचं कारण साधं आहे. समालोचक एकाच्या ठोशांवर ओरडत राहिला की पाहणाऱ्याची गुणपत्रिका नकळत त्याच्या मागे जाते. प्रत्येक फेरीनंतर चिठ्ठ्या गोळा केल्या, म्हणजे मागची फेरी नंतर सुधारता येऊ नये. बारा फेऱ्यांची लढत ३६ मिनिटांची, मधल्या विश्रांतीची ११ मिनिटं, एकूण ४७. एका संध्याकाळी दोनच लढती ठेवल्या, कारण तिसरीपर्यंत डोळे थकतात आणि सगळ्या फेऱ्या सारख्या दिसू लागतात. एक प्रशिक्षक सुरुवातीला चार-चार फेऱ्या १०-१० देत होता. अशी पत्रिका काहीच सांगत नाही, म्हणून एका लढतीत एकच बरोबरीची फेरी अशी मर्यादा घातली.

निर्णयाची वळणं

जेफ लेसीची किंमत किती? ४ मार्च २००६ ला मँचेस्टरमध्ये कॅल्झागीने आयबीएफचा अपराजित विजेता लेसी याला बारा फेऱ्या धुतला. दोन पंचांनी ११९-१०७ दिले, एकाने ११९-१०५. शेवटच्या फेरीत लेसी खालीही गेला. त्याआधी त्याला गटातला सर्वांत घातक ठोसेबाज म्हणत होते. नंतर तो कधीच तसा दिसला नाही, आणि समितीतला एक जण म्हणाला की तो मुळातच फुगवलेला होता. माजी व्यावसायिकाचं म्हणणं उलट: अशी रात्र माणसाला आतून मोडते, पुढची पडझड हा त्याच रात्रीचा परिणाम आहे. पुराव्याने यातलं काहीच सिद्ध होत नाही. म्हणून लढतीच्या दिवसाचा दर्जा हा नियम पाळून ५ दिले. हा नियम आधी लिहिलेला नसता तर इथेच बैठक मोडली असती.

कॅल्झागी-रीडच्या निर्णयात पंचांची मतं फुटली होती, दोन कॅल्झागीकडे, एक रीडकडे. समितीतही तीन-दोन. इथे हौशी पंचाची नजर कामी आली. कॅल्झागीचे बरेच ठोसे बोटांच्या सांध्यांनी न लागता हातमोज्याच्या आतल्या बाजूने लागतात, आणि हौशी नियमांत तसल्या ठोशाला गुण नाहीत. संख्या मोजली तर कॅल्झागी, स्वच्छ ठोसे मोजले तर रीड. लढत वादग्रस्त ठरली.

एक वळण गुणांपलीकडचं होतं. २१ सप्टेंबर १९९१ ला व्हाइट हार्ट लेनवर युबँक अकराव्या फेरीत खाली गेला, उठला, आणि त्याच फेरीच्या शेवटी एका अपरकटने मायकल वॉटसनला पाडलं. बाराव्यात लढत थांबली आणि वॉटसनच्या मेंदूला कायमची इजा झाली. २५ फेब्रुवारी १९९५ ला लंडन अरीनात बेन पहिल्याच फेरीत दोऱ्यांबाहेर फेकला गेला, पुन्हा आठव्यात पडला, आणि दहाव्यात त्याने जेराल्ड मॅक्लेलनला हरवलं. मॅक्लेलनही कायमचा जायबंदी झाला. एका प्रशिक्षकाचं म्हणणं होतं की या दोन लढतींचे गुण कुणालाच देऊ नयेत, हा फलक बारा-तेरा वर्षांची मुलं रोज पाहणार आहेत. मग युबँक आणि बेन यांचं मूल्यमापनच अर्धवट होतं, असा प्रतिवाद झाला. ठरलं ते असं: ताळेबंदात गुण धरायचे, फलकावर या विजयांचं कौतुक लिहायचं नाही. त्याऐवजी वेगळी ओळ द्यायची की वॉटसनला रिंगजवळ वेळेत योग्य उपचार मिळाले नाहीत, तो ब्रिटिश बॉक्सिंग बोर्डाविरुद्ध न्यायालयात गेला, १९९९ मध्ये जिंकला आणि २००० मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला. रिंगपाशी आज जी वैद्यकीय तयारी दिसते तिच्यामागे हे प्रकरण आहे. पूर्ण कामात इतका विचारपूर्वक निर्णय दुसरा झाला नाही.

आता मुख्य गणित. कॅल्झागीचे आठ: मिकेल केस्लर ५, लेसी ५, युबँक ४, मारिओ वाइटविरुद्ध २००५ मध्ये जर्मनीत ३ अधिक १, रिची वुडहॉल, चार्ल्स ब्रूअर, बायरन मिचेल आणि साकियो बिका प्रत्येकी ३. बेरीज ३०, वजा काही नाही.

फ्रॉचचे आठ: ल्युसियन ब्यूट ५, अमेरिकेत जर्मेन टेलर ४ अधिक १, हेलसिंकीत आर्थर अब्राहम ४ अधिक १, अटलांटिक सिटीत ग्लेन जॉन्सन ३ अधिक १, २०१३ चा केस्लर ४, ज्याँ पास्काल ३, वेम्ब्लीवर ग्रोव्ह्ज ३, आणि वादग्रस्त डिरेल ४ चे निम्मे २. बेरीज ३१. आंद्रे वॉर्डकडून झालेल्या पराभवाचं काही वजा नाही, २०१० मध्ये डेन्मार्कला केस्लरकडून हरल्याचा १ वजा. उरले ३०.

तीस-तीस.

नियमावलीत बरोबरी कशी सोडवायची हे लिहिलेलंच नव्हतं. आकडे मग चारी बाजूंनी हलवून पाहिले. परदेशातल्या लढतीचा जादा गुण अर्धा केला तर कॅल्झागी २९.५, फ्रॉच २८.५. युबँक १९९७ मध्ये ऐनवेळी उभा राहिलेला बदली खेळाडू होता म्हणून त्याला ४ ऐवजी ३ दिले तर फ्रॉच एका गुणाने पुढे. मिचेलने तीनच महिन्यांपूर्वी डब्ल्यूबीएचा पट्टा गमावला होता, त्याला ३ देणं कंजूषपणाचंच होतं. पण मग २०१४ च्या ग्रोव्ह्जलाही ४ द्यावे लागतात आणि हिशेब तिथेच येतो.

शेवटी दोघांचा समान प्रतिस्पर्धी केस्लर याच्यावर निकाल सोडला. कॅल्झागीने ३ नोव्हेंबर २००७ ला कार्डिफमध्ये २८ वर्षांच्या, तोवर अपराजित, दोन पट्टे घेऊन आलेल्या केस्लरला हरवलं. फ्रॉच त्याच्याकडून आधी हरला आणि जिंकला तेव्हा केस्लर ३४ चा होता. चार विरुद्ध एक मतांनी कॅल्झागी वर गेला. फ्रॉचवाल्याचा आक्षेप नोंदवून ठेवला, आणि तो हलका नव्हता. डिसेंबर २००८ ते मे २०१२ मध्ये फ्रॉच पास्काल, टेलर, डिरेल, केस्लर, अब्राहम, जॉन्सन, वॉर्ड आणि ब्यूट असे आठ जण ओळीने खेळला, मध्ये एकही हलकी लढत नाही. कॅल्झागी या वजनात अमेरिकेत कधी उतरला नाही, आणि दोन पट्टे बाळगणारा स्वेन ओट्के निवृत्त होईपर्यंत त्यांची गाठ पडली नाही.

निकाल

तिसऱ्या-चौथ्या जागेवर युबँक आणि बेन जवळजवळ चिकटून आले. १६८ पौंडांत त्यांची एकच गाठ, ९ ऑक्टोबर १९९३, ओल्ड ट्रॅफर्ड, बरोबरी. एका पंचाने बेनला दिली, एकाने युबँकला, तिसऱ्याने समान. सहाव्या फेरीत कमरेखालच्या ठोशांसाठी बेनचा एक गुण कापला गेला, तो कापला नसता तर बेन जिंकला असता. तरीही युबँक वर राहिला, कारण १९९४ मध्ये त्याने बर्लिनला जाऊन ग्राचियानो रोकिजानीला हरवलं आणि थुलानी मलिंगाकडून तो कधी हरला नाही. बेन त्याच्याकडून १९९६ मध्ये हरला.

पाचव्या जागेसाठी स्मिथने ग्रोव्ह्जला हरवलं, ग्रोव्ह्जने डिगेलला, म्हणून स्मिथ वर, असा सरळ युक्तिवाद आला. तो टिकला नाही. ग्रोव्ह्ज-डिगेल झाली तेव्हा दोघेही ब्रिटिश किताबाच्या पातळीवर होते आणि निर्णय जेमतेम एका गुणाचा होता. जगज्जेता म्हणून डिगेलने बॉस्टनमध्ये पट्टा जिंकला, क्यूबेकमध्ये राखला, ब्रुकलिनमध्ये बाडू जॅकशी बरोबरी केली. केलेब ट्रुआक्सकडून हरल्याचे ३ गुण गेले, तरी परदेशातल्या जादा गुणांनी त्याला तारलं. मतं तीन-दोन. हा क्रम सर्वांत कच्चा आहे.

फलकावर क्रम लागला तो असा: कॅल्झागी, फ्रॉच, युबँक, बेन, डिगेल. नावं रंगवण्याऐवजी स्क्रूने बसवलेल्या पट्ट्यांवर घेतली, खर्च थोडा वाढला.

पुन्हा केलं तर काय बदलावं

बरोबरी फोडायचा नियम आकडे लावण्याआधी लिहावा. नंतर लिहिला की तो कुणाला तरी जिंकवण्यासाठी लिहिल्यासारखा दिसतो. समान प्रतिस्पर्ध्याचा निकष रास्तच होता, पण तो ३०-३० पाहिल्यावर सुचला, आणि तेव्हा केस्लरचा कल कुठे जाणार हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

दर्जे देताना नाव झाकावं. कात्रणं जपणाऱ्या सभासदाने प्रतिस्पर्ध्याची त्या दिवशीची जय-पराजयाची नोंद आणि क्रमवारी तेवढी वाचायची, बाकीच्यांनी गुण द्यायचे. युबँकला १९९७ मध्ये ४ मिळाले ते बरेचसे त्याच्या नावाने मिळाले.

सर्वांत मोठी खोट सर्वोत्तम आठ विजयांच्या नियमात आहे. ज्याच्या लढती जास्त त्याला अडचणीची रात्र लपवायला जागा मिळते. कॅल्झागीची रीडविरुद्धची लढत वादग्रस्त ठरली, गुण निम्मे म्हणजे १.५ झाले, आणि आठांत तिची गरजच पडली नाही. फ्रॉचची डिरेलविरुद्धची तशीच लढत मात्र आठांत बसली, कारण तिच्या जागी घ्यायला त्याच्याकडे काही वरचढ नव्हतं. म्हणजे वादग्रस्त विजयाची शिक्षा एकालाच झाली. तोडगा सोपा आहे: वादग्रस्त ठरलेला प्रत्येक विजय आठांत सक्तीने धरायचा. फ्रॉचची २०१३ मधली ग्रोव्ह्जविरुद्धची पहिली लढतही मग आत येते. फ्रॉच पहिल्या फेरीत खाली गेला होता, नवव्या फेरीत रेफरीने लढत थांबवली तेव्हा तिन्ही पत्रिकांवर ग्रोव्ह्ज पुढे होता. तिचे १.५ एका ३ च्या जागी बसवले की फ्रॉचचे २८.५ होतात. कॅल्झागीच्या यादीत रीडचे १.५ एका ३ च्या जागी बसवले की त्याचेही २८.५.